कारखान्यात अपघात झाला? आधी केसपेपर वाचा

२०२१च्या पावसाळ्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसखाली, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनखाली गेली. तर्जनी आणि मधलं. वय पंचवीस, ठेकेदाराकडे कामाला, पगार महिना बारा हजार. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं आणि सुपरवायझर खिडकीवरून केसपेपर घेऊन येत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, पोलिसाचं झंझट नको. गाडीवरून पडला म्हनून लिवलं आहे. खर्च सगळा आमी पाहून घेतो." मी मान डोलावली. बोटं वाचतील का, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ती एक ओळ खोटी ठरवायला आम्हाला दोन वर्षं लागली. ज्यांच्या घरचा माणूस बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, उमरेड असल्या ठिकाणी नुकताच कामाला लागला आहे किंवा ज्यांच्यावर आज ही वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आम्ही जे उशिरा केलं ते तुम्ही वेळेवर करा.

१. कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात

अपघातानंतर सगळ्यात पहिला प्रश्न येतो तो "हा आमचा माणूसच नाही" हा. भावाच्या वेळी कारखान्याने ठेकेदाराकडे बोट दाखवलं आणि ठेकेदार म्हणाला, पोरगा रोजंदारीवर दोनच दिवस आला होता. तो तिथे चौदा महिने काम करत होता.

म्हणून नेमणूकपत्र मागा. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. नाहीच मिळालं तर निदान एवढं करून ठेवा: गेटपासचा फोटो, हजेरी कार्डाचा दर महिन्याचा फोटो, पगार बँकेत येत असेल तर पासबुकातली नोंद, रोख मिळत असेल तर ज्या पाकिटातून मिळतो ते पाकीट. ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि ज्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करता त्याचं पाटीवरचं नाव, दोन्ही घरच्या कुणाला तरी ठाऊक असू द्या. आमच्या आईला फक्त "हिंगण्याला जातो" एवढंच माहीत होतं.

पगारातून 'ईएसआय', म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापतात का ते पाहा. कापत असतील तर दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या आणि तो खरा आहे की नाही ते राज्य विमा महामंडळाच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर विचारा. पैसे कापले जातात पण क्रमांक काढलेलाच नसतो, असे लोक मला पुढे दवाखान्याच्या रांगेत भेटले.

२. मशीनजवळ उभं राहण्याआधी

प्रेसचं एवढंच सांगतो, कारण तीच मी जवळून पाहिली. चांगल्या प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणं असतात. हेतू साधा आहे: दोन्ही हात बटणांवर असले की डायखाली (प्रेसच्या साच्याखाली) हात उरत नाही. पण नग वाढवायचे म्हणून एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवतात, किंवा बटणं काढून पायाचं पेडल जोडतात. मग एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने किंवा पायाने प्रेस मारायची. भावाच्या प्रेसला पेडल होतं. डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला त्याने हात घातला आणि पाय पेडलवरून उचललेला नव्हता.

अडकलेला तुकडा चिमट्याने किंवा सळईने काढा, आणि त्याआधी मेन स्विच बंद करा. मोटर बंद केली तरी प्रेसचं जड चाक, फ्लायव्हील, काही वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत हात लांब.

मशीनचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी) काढलेलं दिसलं तर सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर लिहा. भांडू नका, साधं लिहा: "सर, तीन नंबर प्रेसचं गार्ड नाही, लावून द्या." याचं कारण पुढे कळेल.

टाकी, सेप्टिक, चेंबर, बॉयलरच्या आतलं काम असेल तर एक नियम जिवापेक्षा जपा. आत गेलेला माणूस खाली पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. आत हवा नसते किंवा विषारी वायू असतो, आणि पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा, मग तिसरा, अशी माणसं जातात. वरून दोर, हवा मोजायचं यंत्र, बाहेर उभा राहिलेला माणूस, लेखी परमिट, हे नसेल तर आत उतरू नका.

आणि आपल्याकडचा मे महिना. पत्र्याच्या शेडखाली भट्टीजवळ काम करणाऱ्याला चक्कर आली, घाम येणं थांबलं, असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात आहे. "थोडा बस, पाणी पी" एवढ्यावर सोडू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

३. पहिला तास

१०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलीस. बाकी थोडक्यात.

बोट तुटलं असेल तर ते शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, त्याने मांस खराब होतं. आमच्याकडे कुणीतरी प्रेमापोटी बोटं बर्फाच्या डब्यातच टाकली होती. ती तशीही चिरडलेली होती, पण डॉक्टरांनी हे मुद्दाम सांगितलं म्हणून तुम्हाला सांगतो.

भाजलं असेल तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. डोळ्यात रसायन गेलं तर पापणी उघडी धरून पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग निघा. शॉक लागला असेल तर आधी वीज तोडा, मग माणसाला हात लावा.

४. केसपेपर: सगळ्यात महत्त्वाची पायरी

कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कसं झालं?" जो सोबत असतो तो उत्तर देतो आणि ते कागदावर उतरतं. पुढे विमा कार्यालय, पोलीस, फॅक्टरी इन्स्पेक्टर, न्यायालय, सगळे याच ओळीकडे बघतात. घाईच्या वेळी, कुणाचा स्वार्थ जागा होण्याआधी सांगितलेली गोष्ट खरी असणार, असं ते मानतात. आमच्या बाबतीत स्वार्थ आधीच जागा होता.

म्हणून दवाखान्यात घरचं माणूस पोचलं की पहिलं काम पैशांचं नाही, कागदाचं. केसपेपर हातात घ्या आणि वाचा. इंग्रजीत असेल तर शेजारच्या कुणाकडून वाचून घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: अपघात कारखान्यात काम करताना झाला, कोणत्या मशीनवर झाला, आणि किती वाजता झाला. चुकीचं असेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तिथेच सांगा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच सांगू द्या, त्याच्या तोंडच्या शब्दाला वजन असतं.

कामावरचा अपघात हा 'एमएलसी', म्हणजे पोलिसांना कळवायचा प्रकार आहे. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयोसारख्या सरकारी रुग्णालयात ही नोंद आवारातल्या पोलीस चौकीकडे जाते. खासगी दवाखान्यातही ती करायची असते, पण मालकाचा तिथे ओळखीचा दवाखाना असेल तर टाळाटाळ होऊ शकते. एमएलसी क्रमांक वहीत लिहून घ्या. पोलीस जबाब घ्यायला आले तर घाबरून "काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. जे घडलं ते सांगायचं, तक्रार कुणावर करायची ते नंतर ठरवता येतं.

चुकीची ओळ आधीच लिहिली गेली असेल तर? दुसऱ्याच दिवशी रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावाने साधा अर्ज द्या: "माझ्या भावाचा अपघात अमुक ठिकाणी मशीनवर झाला. सोबत आलेल्या इसमाने चुकीची माहिती दिली. नोंद दुरुस्त करावी." एक प्रत पोलीस ठाण्यात. दोन्हीकडून आवक शिक्का घ्या. मूळ नोंद बहुधा कुणी खोडणार नाही, पण तुमचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं. आम्ही हा अर्ज एकोणिसाव्या दिवशी दिला. उलटतपासणीत मालकाच्या वकिलांनी मला विचारलं, "एकोणीस दिवस गप्प का होतात?" मी खरं ते सांगितलं, की आम्हाला माहीत नव्हतं. ते सांगताना मला जी शरम वाटली ती तुम्हाला वाटू नये.

आम्हाला शेवटी वाचवलं ते शस्त्रक्रियेच्या नोंदीने. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी त्यात चिरडून तुटलेली बोटं असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि गुडघा, कोपर, तळहात कुठेही खरचटल्याची खूण लिहिलेली नव्हती. गाडीवरून पडलेल्या माणसाची फक्त दोन बोटं एका रेषेत चिरडत नाहीत.

५. पहिला आठवडा: पुरावा गोळा करा

रक्त पुसलं जातं, मशीनला दोन दिवसांत नवं गार्ड लागतं, हजेरीचं पान बदलतं. म्हणून उशीर नको.

सोबतच्या कामगारांना भेटा. कारखान्याबाहेर, चहाच्या टपरीवर, एकेकट्याला. त्यांच्या नोकरीचा प्रश्न असतो हे समजून घ्या, जबरदस्ती करू नका. भावाच्या शेजारच्या प्रेसवर बालाघाटचा एक मुलगा होता. त्याने त्याच संध्याकाळी गावच्या मित्राला मशीनचा फोटो पाठवला होता, वेळेसकट. आठ महिन्यांनी त्याने ती नोकरी सोडली आणि मग स्वतःहून फोन करून म्हणाला, "भैया, अब मैं गवाही दे सकता हूँ." तो फोटो आणि त्याची साक्ष, या दोन गोष्टींनी आमची बाजू उभी राहिली.

अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवायचं असतं. नागपुरात या संचालनालयाचं कार्यालय आहे. लोक अजून "फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस" म्हणतात. मालकाने कळवलं असेल यावर विसंबू नका. स्वतः लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिन्याभराने माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून तपासणी अहवालाची प्रत मागा. तो अहवाल म्हणजे तुमच्या बाजूने बोलणारा सरकारी कागद असू शकतो.

६. तुमचा रस्ता कोणता: विमा की भरपाई

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. रस्ते दोन आहेत आणि एका अपघातासाठी एकच मिळतो.

महिना २१ हजारांपर्यंत पगार आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर कर्मचारी राज्य विमा लागतो. मग उपचार विम्याच्या दवाखान्यात (आपल्याकडे सोमवारीपेठेत), आणि कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम. कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. कामावर येता-जाता झालेला अपघातही यात धरतात. वर्धा रोडने रोज दुचाकीवर बुटीबोरी गाठणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मालकाने अपघाताचा अहवाल विमा कार्यालयाला पाठवला की नाही ते स्वतः जाऊन विचारा.

विमा लागू नसेल तर दुसरा रस्ता, मालकाकडून भरपाई. आमच्या वेळी ती १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ नंतर हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. अपघाताची तारीख कोणती आहे यावर कोणता कायदा लागेल ते ठरतं, वकिलांना पहिल्याच भेटीत हे विचारा. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षं होती. पण मुदत मोजत बसू नका, पहिल्या महिन्यात हालचाल करा.

ठेकेदार पळाला तरी घाबरायचं कारण नाही. ज्याच्या कारखान्याच्या कामासाठी ठेकेदाराने माणूस लावला, त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. दाव्यात दोघांचीही नावं टाका.

७. हिशेब स्वतः करायला शिका

आम्हाला ठेकेदाराने चाळीस हजार देऊ केले होते, आणि घरातल्या मोठ्यांना ते बरे वाटले होते. मग एका कामगार संघटनेतल्या काकाजींनी मला वहीवर हिशेब मांडून दाखवला.

कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले गुणक. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात (३ जानेवारी २०२० पासून). गुणक वीस वर्षांला २२४, पंचविसाला २१६.९१, तिसाला २०७.९८, चाळिसाला १८४.१७, पन्नासाला १५३.०९. थोडं अपंगत्व असेल तर पूर्ण रकमेचे तितके टक्के, आणि बऱ्याच दुखापतींचे टक्के कायद्याच्या तक्त्यातच दिलेले आहेत: एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, अंगठा गेला तर ३०.

भावाचं असं: बारा हजारांचे ६० टक्के ७,२००. गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२. त्याचे २० टक्के ३,१२,३५०. कुठे चाळीस हजार आणि कुठे हे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. अपघातानंतर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर दंडही.

दोन सापळे. पहिला, 'यूडीआयडी' कार्डावरचे (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरचे) अपंगत्वाचे टक्के आणि कमाईची क्षमता किती घटली याचे टक्के, या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेसवर काम करणाऱ्याचा उजवा हात आणि कारकुनाचा उजवा हात कायद्याला सारखा नाही. तक्त्यात नसलेली दुखापत असेल तर डॉक्टरांकडून कमाईच्या क्षमतेबद्दलच लिहून घ्या. दुसरा, "गार्ड त्यानेच काढलं होतं" हा मालकाचा ठरलेला बचाव. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालत नाही. थोड्या अपंगत्वात चालू शकतो, पण तो सिद्ध मालकाने करायचा असतो. वर सांगितलेला व्हॉट्सअॅप संदेश इथे कामी येतो.

८. दावा दाखल करताना

कामगार न्यायालयात अर्ज करायचा. अपघात जिथे झाला तिथे किंवा कामगार (किंवा त्याचं कुटुंब) जिथे राहतो तिथेही करता येतो, म्हणजे गोंदिया-बालाघाटच्या माणसाला दर तारखेला नागपूर गाठावंच लागेल असं नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांनाही. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं.

एका फाईलमध्ये हे लावून ठेवा, प्रत्येकी तीन झेरॉक्स:

- केसपेपर, एमएलसी क्रमांक, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे
- औषधांची आणि प्रवासाची सगळी बिलं
- वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात चांगला, कारण गुणक वयावर ठरतो)
- पगाराचा आणि नोकरीचा पुरावा
- पोलिसांकडचा जबाब, पंचनामा
- फॅक्टरी इन्स्पेक्टरला दिलेल्या तक्रारीची पोच
- मालक आणि ठेकेदार दोघांना रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस, पोचपावतीसह
- आधार, बँक पासबुक

९. माणूस गेला असेल तर

१७ डिसेंबर २०२३ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यात सहा बाया होत्या. पुढच्या जूनमध्ये धामण्याला पुन्हा स्फोट. अशा मोठ्या घटनेनंतर सरकार मदत जाहीर करतं. ती सानुग्रह मदत असते, तिने कायद्याची भरपाई फिटत नाही. कुटुंबाने दावा वेगळा करायचाच.

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने पैसे घरी आणून देणं ही कायद्याने भरपाई धरली जात नाही, रक्कम अधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते. "वहिनी, इथे सही करा आणि हे घ्या" म्हणत कुणी तेराव्याच्या आत आलं तर सही करू नका. शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि अवलंबून असलेल्यांची नावं, म्हातारे आईवडीलही, आधी लावा.

१०. तडजोड आणि पैसे हातात येणं

तडजोड वाईट नसते. पण ती न्यायालयासमोर नोंदवूनच करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही किंवा अंगठा कधीच नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. भावाने दवाखान्यात असताना डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा एका कागदावर दिला होता, "औषधाच्या पैशाचा हिशोब" म्हणून. पुढे तोच कागद "पूर्ण रक्कम मिळाली" म्हणून दाखल झाला. त्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं आणि कागदावर साक्षीदार कुणीच नव्हता, म्हणून न्यायालयाने तो मानला नाही.

निकाल लागला की रक्कम न्यायालयात जमा होते आणि ती काढायला वेगळा अर्ज लागतो. दावा टाकतानाच आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला यांवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा. भावाच्या आधारवर वडिलांचं नाव मध्ये होतं, पासबुकात नव्हतं. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र, बँकेचं पत्र आणि आणखी दीड महिना गेला.